पाइप गॅसचा दर ‘दिल्लीहून’ येतो, हे उत्तर स्वीकारू नका

गोव्यातील फोंड्याच्या सदस्यांनी विचारले आहे की, सरकारने गॅसच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली असताना घरगुती पाइप गॅस महागला कसा आणि दाद कोणाकडे मागावी. याच पेचात मी बराच काळ अडकलो होतो.

एप्रिल २०२३ पासून ओएनजीसीसारख्या सरकारी तेल-वायू कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतील गॅसची किंमत भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के धरली जाते. तिला दर दशलक्ष बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचे एकक) किमान ४ आणि कमाल ६.५ डॉलर अशी मर्यादा होती. दोन वर्षांनंतर कमाल मर्यादा दरसाल पाव डॉलरने वाढावी असे ठरले. ही मर्यादा उत्पादकावर आहे, आपल्या बिलावर नाही. त्यावर वाहिनीचे शुल्क, वितरकाचा खर्च व नफा आणि राज्याचा व्हॅट चढतो, कारण नैसर्गिक वायू अद्याप जीएसटीबाहेर आहे. म्हणूनच सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातील नातेवाइकांच्या बिलाशी तुलना व्यर्थ ठरते. महाराष्ट्राने हा कर एप्रिल २०२२ मध्ये १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला.

माझा सर्वाधिक वेळ एका कार्यालयाने खाल्ला, त्याचे नाव लिहीत नाही. दरवाढीपूर्वी वापरलेल्या युनिटांनाही नवा दर लावला होता. एवढीच माझी तक्रार होती. तेथील अधिकारी प्रत्येक वेळी ‘दर दिल्लीहून येतो’ एवढेच सांगत आणि लेखी काहीही देत नसत. वास्तविक २००६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाला किरकोळ विक्रीदर ठरवण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. दर वितरक ठरवतो आणि बिलाचा हिशेबही तोच देणे लागतो. दिल्लीचे नाव पुढे करणे ही माझ्या मते निव्वळ टोलवाटोलवी आहे.

मी वकील नाही, तरी माझे मत असे की ‘दर जास्त आहे’ अशी तक्रार करूच नये. दर कोणत्या तारखेपासून लागू झाला, रीडिंग प्रत्यक्ष घेतले की अंदाजे, हे वितरकाला लेखी विचारावे आणि उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. दर बदलल्याचे कळताच मीटरचे छायाचित्र काढून ठेवावे.

खानावळीसाठी जोडणी घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: स्वस्त देशी गॅसचे प्राधान्य घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला आहे, व्यावसायिक जोडणीला नाही.