गावचा पैसा कुठं गेला, कसं बघायचं? वाचकांचे प्रश्न

यावेळी पीकविम्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या हिशोबाचीच पत्रं जास्त आली, म्हणून त्यातले चार प्रश्न एकत्रच घेतलेत. गावांची नावं मुद्दाम दिली नाहीत, फक्त तालुका दिलाय.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या नालीचं काम रखडलंय. सरपंचाला विचारलं की म्हणतेत, निधीच आला नाही. गावातली पोरं म्हणायलेत की सगळं मोबाईलवर दिसतं. खरंच दिसतं का नुसत्या गप्पा?
– एक वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी

दिसतं. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं ई-ग्रामस्वराज म्हणून पोर्टल आहे, 24 एप्रिल 2020 ला सुरू झालंय, आणि ते बघायला लॉगिन-पासवर्ड काही लागत नाही. 'ते फक्त ग्रामसेवकालाच उघडतं' असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, पेमेंट टाकायची बाजू त्यांची आहे, बघायची बाजू सगळ्यांसाठी उघडी आहे. 'मेरी पंचायत' नावाचं ॲप पण आहे.

खरी कटकट गाव सापडायचीच. जिल्हा, मग तालुका, मग ग्रामपंचायत असं उतरत जावं लागतं, आणि तुमचं गाव ग्रुप ग्रामपंचायतीत, म्हणजे दोन-तीन गावं मिळून एकच ग्रामपंचायत अशा ठिकाणी असलं तर ते स्वतःच्या नावानं सापडणारच नाही, दुसऱ्याच गावाच्या नावाखाली असतं. पिंपळगाव, टाकळी, पिंपरी तर आपल्याकडं दर तालुक्याला आहेत, त्यात इंग्रजी स्पेलिंगची गंमत वेगळीच. म्हणून एकदा सापडलं की ग्रामपंचायतीचा एलजीडी कोड, म्हणजे सरकारी यादीतला तिचा ठरलेला नंबर, वहीत लिहून ठेवा. संभाजीनगर आणि धाराशिववाल्यांनी जुनं नाव टाकून पण बघावं, जिल्ह्याचं नाव 2023 ला बदललं पण जुन्या फायली औरंगाबाद-उस्मानाबाद म्हणूनच सापडू शकतात.

आता मुख्य गोष्ट. तिथं आराखडा वेगळा आणि हिशोब वेगळा आहे. आराखडा म्हणजे आपला 'आमचा गाव आमचा विकास' वाला, त्यात नाली दिसली म्हणून पैसे आले असं होत नाही, ती नुसती करायच्या कामांची यादी आहे. तुम्हाला बघायचाय तो हिशोब, म्हणजे त्या वर्षी सुरुवातीची शिल्लक किती, पंधराव्या वित्त आयोगाचे (म्हणजे केंद्राकडनं ग्रामपंचायतीला येणाऱ्या अनुदानाचे) जमा किती, खर्च किती आणि शेवटी उरले किती. वर्ष एप्रिल ते मार्च धरायचं, नाहीतर मार्चमधलं बिल तुम्ही पुढच्याच वर्षात शोधत बसाल.

शिल्लक दिसली तरी लगेच भांडायला जाऊ नका. 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी वित्त आयोगाचा हा निधी 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामालाच वापरायचा, आणि 40 टक्के अबंधित असा ठरवलेला. बंधितातला अर्धा पिण्याच्या पाण्याला आणि अर्धा स्वच्छतेला, त्यातनं सभामंडप नाही बांधता येत. पण तुमचा विषय नालीचा आहे, आणि सांडपाण्याचं काम स्वच्छतेत बसतं, म्हणजे बंधितात शिल्लक पडून असेल तर 'निधी नाही' हे उत्तर मला तरी पटणार नाही. उलट बाजू पण सांगतो, जिथं निवडून आलेली बॉडी नाही आणि प्रशासक बसलाय तिथं वित्त आयोगाचा हप्ता अडकतो, मग सरपंच-ग्रामसेवक खरंच बोलत असतात.

आणि गावातलं सगळंच काम यात येत नाही. आमदार निधी, झेडपीनं थेट केलेला रस्ता, जलजीवनची टाकी, हे ग्रामपंचायतीच्या खात्यात शोधून सापडणार नाही.

प्रश्न : आमच्या गावाच्या पोर्टलवर सिमेंट रस्त्याचं पेमेंट झालेलं दिसतं, रस्ता मात्र जाग्यावर नाही. स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर टाकला तर चार जण अंगावर आले. पुढं काय करू?
– एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड

स्क्रीनशॉटवरनं एवढंच कळतं की अमुक तारखेला अमुक रक्कम खात्यातनं गेली. काम झालं का, किती झालं, हे तिथं नसतं. ते कळतं मोजमाप पुस्तिकेत, ज्याला सगळे एमबी म्हणतात. इंजिनिअर जाग्यावर जाऊन लांबी-रुंदी-जाडी मोजतो, एमबीत लिहितो आणि त्यावरनं बिल निघतं, निदान निघायला तरी पाहिजे. म्हणून आधी ते पेमेंट नेमकं कशाचं होतं ते बघा, 'अमुक यांच्या घरापासून तमुक मंदिरापर्यंत' असं कामाचं नाव असतं, ते घर दुसऱ्या वस्तीत पण असू शकतं.

मग माहिती अधिकार. अर्ज ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडं म्हणजे ग्रामसेवकाकडंच जातो, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळं 'मागच्या दहा वर्षांच्या सगळ्या कामांची माहिती द्या' असला अर्ज करूच नका, तो नाकारायला सोपा जातो. कागदाचं नाव घेऊन मागा. असं लिहा :

'अमुक कामाचं अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, देयक आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या प्रती मिळाव्यात.'

बस एवढंच. भ्रष्टाचार, चौकशी, कारवाई हे शब्द अर्जात नकोत, आणि 'का केलं नाही' असा सवाल पण नको, कारण कायद्यात नोंदीतली माहिती मागता येते, खुलासा नाही. फोटोकॉपी पानाला 2 रुपये. कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि मालाचे नमुने घ्यायचा पण हक्क आहे, हे लोकांना माहीतच नसतं. हातात एमबीची पानं आणि टेप घेऊन दोन माणसं जाग्यावर गेली तर अर्धा वाद तिथंच मिटतो.

30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पंचायत समितीत पहिलं अपील. मुदत उलटून गेल्यावर माहिती द्यायची तर ती फुकट द्यावी लागते हे अपिलात आठवणीनं लिहा. तिथंही नाही जमलं तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील, मराठवाड्याला त्यासाठी संभाजीनगरचं खंडपीठ आहे. तिथं वेळ लागतो बरं का, आधीच सांगून ठेवतो. अर्ज दिला की पोच घ्या, पोच नाही दिली तर रजिस्टर पोस्टानं पाठवा.

ग्रुपचं म्हणाल तर कागद हातात येईपर्यंत गप्प बसणं बरं. रस्ता निघाला दुसऱ्या वस्तीत तर तुमचंच हसं होतं आणि पुढच्या वेळी खरं बोललात तरी कुणी ऐकत नाही.

प्रश्न : आमच्याकडं ग्रामपंचायत नाही, नगरपरिषद आहे. घरपट्टी वाढली, बजेट कोट्यवधीचं म्हणतेत आणि नळाला पाणी आठ-दहा दिवसाला. हिशोब कुठं बघू?
– एक वाचक, औसा, जि. लातूर

ई-ग्रामस्वराजवर शहरं नाहीत. शहरांसाठी केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाचं सिटी फायनान्स पोर्टल आहे, तिथं नगरपरिषद-महापालिकांचे वार्षिक हिशोब टाकलेले असतात. पंधराव्या वित्त आयोगानं अटच घातली होती की आदल्या वर्षाचा कच्चा आणि त्याच्या आदल्या वर्षाचा ऑडिट झालेला हिशोब ऑनलाइन टाका, नाहीतर अनुदान नाही.

बजेटच्या कोट्यवधीवर जाऊ नका, बजेट म्हणजे अंदाज, आणि तो फुगवून लिहायची सगळीकडंच सवय. बजेटच्या पुस्तकात आदल्या वर्षी प्रत्यक्षात किती जमा-खर्च झाला त्याचा पण रकाना असतो, तो वाचा. पाणीपुरवठ्यावर वीजबिल किती, दुरुस्ती किती, पाणीपट्टीची मागणी किती आणि वसूल किती, एवढे चार आकडे काढलेत तरी वॉर्डाच्या बैठकीत बोलायला भरपूर झालं. वसुलीचा आकडा मात्र आपल्याला पण टोचतो, थकबाकीत आपल्याच गल्लीतली नावं निघतात.

प्रश्न : मी दिव्यांग आहे. आमच्यासाठी ग्रामपंचायतीत 5 टक्के पैसे असतेत म्हणे. पोर्टलवर लई शोधलं, सापडंना.
– एक वाचक, ता. कळमनुरी, जि. हिंगोली

वित्त आयोगाच्या हिशोबात शोधत असाल तर तिथं नाही सापडणार. हे 5 टक्के ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले असतेत, म्हणजे घरपट्टी, बाजाराची फी, गाळ्याचं भाडं वगैरे. मागासवर्गीयांसाठीचे 15 टक्के आणि महिला-बालकल्याणाचे 10 टक्के पण यातलेच. त्यामुळं गावाची वसुलीच कमी असली तर तुमचा वाटा पण छोटाच येणार, हे आधी लक्षात घ्या.

ग्रामपंचायतीचं बजेट म्हणजे नमुना नंबर 1, तो मागा, आणि सामान्य रोकड वही म्हणजे नमुना 5. बजेटात 5 टक्के लिहिलेले असतेत बहुतेक, प्रश्न रोकड वहीत खर्च पडला का हा आहे. पुढच्या ग्रामसभेत दोन-तीन दिव्यांग मिळून लेखी विचारा, की मागच्या वर्षीचं स्वतःचं उत्पन्न किती, त्याचे 5 टक्के किती झाले आणि कुणाला दिले, आणि हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, नाही म्हणून सभा तहकूब केली तर त्याची पण नोंद मागा, कोरमला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल तेवढं पुरतं.