निवास कोन? नको बुवा!

विचारणा अशी आहे: जुन्या अँबॅसडरच्या मॅन्युअलचं मराठी करताना 'इग्निशन पॉइंट'ला 'प्रज्वलन बिंदू' आणि 'ड्वेल अँगल'ला 'निवास कोन' चालेल का?

पहिला तर मुळीच नको. प्रज्वलन बिंदू वाचला की शाळेतला ज्वलनांक आठवतो, म्हणजे पदार्थ पेट घेतो ते तापमान. इथले पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) कॅपखाली एकमेकांवर टेकणारी टंगस्टनची दोन टोकं. रेल्वेच्या पॉइंटलाही आपण बिंदू म्हटलं नाही. काम बघून सांधा म्हटलं, आणि पॉइंट्समन झाला सांधेवाला. मोटारीत मात्र सांधाही जमत नाही, कारण इथली सगळी गंमत सुटण्यात आहे: ठिणगी पडते ती पॉइंट टेकताना नव्हे, उघडताना. गॅरेजात 'पॉइंट' किंवा 'सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट' म्हणतात, तेच ठेवा.

'ड्वेल'चं मूळ मजेशीर आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ भुलवणं, वाट चुकवणं. त्यावरून रेंगाळणं, थांबणं आणि शेवटी राहणं. यंत्रातला ड्वेल त्या मधल्या थांब्यावरचा. पॉइंट मिटलेले असताना डिस्ट्रिब्यूटरचा कॅम (पॉइंट उघडणारा उंचवट्यांचा फिरता दांडा) जितके अंश फिरतो, तो हा कोन. चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 90 अंश. त्या काळच्या ल्यूकस डिस्ट्रिब्यूटरात त्यातले साधारण 60 मिटलेले, 30 उघडे. मिटलेल्या अंशांत कॉइल ठिणगीसाठी ऊर्जा भरून घेते. म्हणून मी 'मिटकोन' सुचवेन. देशी 'मिट'ला संस्कृत कोन जोडला म्हणून कुणी नाक मुरडेल, मुरडू दे.

आमच्या ओळखीचे एक मेस्त्री 'ड्वेल' हा शब्द कधी उच्चारत नसत. हँडलने इंजिन हळूहळू फिरवायचं, पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर चढली की पंधराची पत्ती (इंचाचे पंधरा सहस्रांश, म्हणजे 0.38 मिमी) उघडलेल्या पॉइंटमधल्या फटीत, म्हणजे गॅपमध्ये, सरकवायची. "घासत निघाली पाहिजे, नुसती पडता कामा नये," एवढंच त्यांचं मॅन्युअल. गॅप वाढली की मिटकोन घटतो, पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग.

आणि हो, क्रियापदं सांभाळा. 'समायोजित करा' नको. गॅप 'ठेवतात', टायमिंग 'लावतात'.