नाशिकच्या तरुणांना खरंच वेगळं व्हायचंय का?

तुमचा प्रश्न असा की, २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या, गुजरातला लागून असलेल्या सुरगाणा तालुक्यातली काही गावं गुजरातेत जायचं म्हणत होती, कांद्यावरून दिल्लीवर राग आहेच, मग इथल्या तरुणांच्या डोक्यात फुटीर विचार शिरतोय का? मी नाशकात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवतो. वर्गात जेवढं ऐकतो त्याहून जास्त खालच्या चहाच्या टपरीवर ऐकतो. राग भरपूर आहे, पण फुटून निघायची भाषा करणारा अजून भेटला नाही.

सुरगाण्याची तक्रार मुळात दिल्लीबद्दल नव्हतीच, मुंबईबद्दल होती. हद्दीपलीकडे गुजरातच्या गावात चांगला रस्ता, वीज, दवाखाना. अलीकडे पावसाळ्यात पेशंटला झोळीत घालून न्यायचं. राज्याची हद्द बदलायचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३ नुसार संसदेचा, विधानसभेचं फक्त मत विचारतात. तहसीलदारांना निवेदन देऊन गाव गुजरातेत जात नाही, हे देणाऱ्यांनाही ठाऊक असणार. त्या भागातला एक पोरगा म्हणाला, "सर, गुजरातचं नाव काढल्याशिवाय कोण फिरकतंय आमच्याकडे?"

कांद्याचं प्रकरण वेगळं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि डिसेंबरात थेट निर्यातबंदी. निफाड-चांदवडची मुलं बाकाखाली मोबाइल धरून लासलगाव बाजारातला कांद्याचा भाव बघत बसायची. मीही काणाडोळा करायचो. एप्रिल २०२४ मध्ये बंदी असतानाच गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली, तेव्हा मात्र पोरं पेटली. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणारी घटनेची सातवी अनुसूची त्या आठवड्यात वेगळी शिकवावी लागली नाही. शेती राज्यसूचीत, परदेशी व्यापार संघसूचीत. "म्हणजे पिकवायचं आपण आणि दार त्यांच्या हातात," मागच्या बाकावरून आवाज आला. हा राग गेला कुठे? मतदानात. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत तेव्हा केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या.

आणि गंमत बघा, केंद्राला सकाळी शिव्या घालणारी हीच मुलं दुपारी रेल्वेचे नाहीतर स्टाफ सिलेक्शनचे फॉर्म भरतात. नोकरी केंद्राचीच हवी! वेगळ्या विदर्भाचा विषय काढला तर 'त्यांचं ते बघतील' म्हणून चहा मागवतात.

केंद्राकडे नेमकं काय मागाल, असं एकदा विचारलं. येवल्याचा एकजण म्हणाला, "बंदी घालायची तर घाला, पण लागवडीआधी सांगा."