कॅश म्हणजे रोख नव्हे, हौद

प्रश्न आला आहे: अपाचे कॅमल या, वेगवेगळ्या प्रणालींमध्ये संदेश पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या 'स्ट्रीम कॅशिंग'ला 'प्रवाह-रोखीकरण' म्हणावे का?

मुळीच नाही! हे 'रोख' प्रकरण मी तिसऱ्यांदा ऐकतो आहे. पैशाची कॅश फ्रेंच-इटालियन भाषांतल्या पेटीवाचक शब्दांतून इंग्रजीत आली. संगणकातली ही कॅश, म्हणजे तात्पुरता साठा, फ्रेंच 'काशे', म्हणजे लपवणे, यातली. उच्चार जुळला म्हणून नाते जुळत नाही.

'प्रवाह' ठीक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. कॅमलमध्ये संदेशाचा मजकूर स्ट्रीम, म्हणजे वाहत येणारा डेटा, असेल तर तो एकदाच वाचता येतो. मल्टिकास्टने तोच संदेश तीन ठिकाणी धाडला, की पहिला वाचून संपवतो आणि उरलेल्या दोघांच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून तो आधी साठवून घ्यायचा आणि प्रत्येकाला सुरुवातीपासून वाचू द्यायचा. ३.१७ आवृत्तीपासून ही सोय मुळातच चालू असते.

याला आपल्याकडे शब्द आहे: हौद. पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने पुण्यात आणले, ते ठिकठिकाणच्या हौदांत यायचे आणि लोक तिथून घागरी भरायचे. वाहते पाणी एक, भरणारे अनेक!

आणि हा शब्द किती देखणा! मूळ अरबी 'हौद', शेवटी जड 'द'. फारसीत त्या अक्षराचा उच्चार 'झ' होतो, म्हणून तिकडे आणि उर्दूत 'हौज'. मराठीने फारसीमार्गे घेतलेले शब्द पाहा: हजर, अर्ज, कर्ज, मर्जी, काजी. मुळात सगळ्यांत तेच अक्षर, मराठीत सगळीकडे 'ज'. मग एकट्या हौदातच 'द' कसा? 'फारसीतून आला' एवढे लिहून मोकळे होणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. माझ्या मते तो दरबारातून आलाच नाही. कोकणच्या बंदरांवर अरब खलाशांच्या तोंडून थेट ऐकलेला आहे. गोडे पाणी भरून घेणे ही गलबतवाल्यांची पहिली गरज, तेव्हा शब्दही तिथेच उतरला असणार. हत्तीवरच्या हौद्याशी मात्र त्याचा संबंध नाही, तो अरबी 'हौदज'.

जुन्या मराठी कागदांत कुणाला आधी 'हौज' आणि मागाहून 'हौद' असा क्रम सापडला तर दाखवा, मी मत बदलीन. तोवर 'स्ट्रीम हौदात घेतला' असेच मी म्हणणार.