झडप 'तीव्र' अरुंद की 'फार' अरुंद?

शिरपूरकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: आईचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) धुळ्याला झाला. रिपोर्टात 'सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस' आलं. भाच्याने घरात त्याचं मराठी केलं, 'महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) झडपेचा तीव्र संकोच'. त्यावर आई म्हणाली, "माले त काहीच दुखत नही, मंग तीव्र कसं?" हे मराठी बरोबर आहे का? आणि खालचे 'मीन ग्रेडियंट ४६', 'एरिया ०.८' हे आकडे तिला कसे सांगायचे?

आईंची शंका रास्त आहे. तीव्र म्हटलं की आपल्याला कळ, संताप, उन्हाचा चटका आठवतो, म्हणजे जाणवणारी गोष्ट. त्यात डॉक्टरी मराठीने 'अक्यूट'लाही, म्हणजे अलीकडे, एकाएकी उद्भवलेल्यालाही, तीव्रच म्हटलंय. नंदुरबारकडच्या अंगणवाड्यांत 'मध्यम तीव्र कुपोषण' म्हणतात; तिथे तीव्र म्हणजे अक्यूट, आणि प्रमाण सांगतो तो 'मध्यम'. उतारवयात महाधमनीची झडप अरुंद होते ती बहुतेकदा तिच्यावर वर्षानुवर्षं कॅल्शियम साचून. ना ती एकाएकी होते, ना दुखलीच पाहिजे. मग तीव्र कशाला?

पर्याय म्हणून 'गंभीर' सुचवला जातो. मला तोही नको वाटतो. 'प्रकृती गंभीर' ऐकलं की घरचे नातेवाइकांना फोन लावायला घेतात. इथे विशेषण पेशंटला नाही, झडपेला लावायचं आहे. म्हणून सरळ म्हणावं: झडप थोडी अरुंद, मध्यम अरुंद, फार अरुंद. 'संकोच'ही नको, घराघरात संकोच म्हणजे लाजणं.

आता आकडे. 'एरिया ०.८' म्हणजे झडप पूर्ण उघडते तेव्हा तिचं तोंड ०.८ चौरस सेंटीमीटर असतं. निरोगी माणसात ते ३ ते ४ असतं. दीडच्या खाली मध्यम आणि १ च्या खाली फार अरुंद धरतात. 'तोंड' शब्द मी जाणूनबुजून घेतला. 'छिद्र' किंवा 'भोक' म्हटलं की 'हृदयाला भोक' हा वेगळाच आजार डोक्यात येतो. 'उघडीप' छान वाटेल, पण ती आपल्याकडे पावसाची.

'ग्रेडियंट'ला भूगोलाच्या पुस्तकातला 'उतार' लावू नका. हा झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक आहे. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो बीपी हा नव्हे, त्यामुळे '४६ म्हणजे बीपी फारच कमी' असं कोणी समजू नये. सरासरी फरक ४० मिलिमीटर पारा किंवा त्याहून जास्त असला की झडप फार अरुंद मानतात.

हा फरक इकोच्या यंत्राला कळतो तो रक्ताच्या वेगावरून. शेतात पाण्याच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते. झडपेतही तसंच होतं. इकोतल्याच डॉप्लर तपासणीने रक्ताचा वेग मोजतात, त्याचा वर्ग करून चारने गुणतात. वेग सेकंदाला ४ मीटर आला तर ४ गुणिले १६, म्हणजे ६४. हा वेग सर्वांत जास्त असतो त्या क्षणीचा फरक. सरासरी त्याहून कमी येते, म्हणून एकाच रिपोर्टात दोन ग्रेडियंट दिसतात. वेग ४ मीटर किंवा त्याहून जास्त असला तरीही झडप फार अरुंद मानतात.

आणि एक महत्त्वाचं. मोटरच मंद चालत असेल तर अंगठा कितीही दाबा, धार जोरात उडणार नाही. हृदयाचा पंप कमजोर झालेल्या पेशंटमध्ये तोंड १ च्या आत असूनही ग्रेडियंट २५-३० च येऊ शकतो. तेव्हा कधी डोब्युटामिन हे हृदयाचा जोर वाढवणारं औषध देऊन इको पुन्हा करतात, कधी सीटी स्कॅनवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात.

आईंना मी असं सांगेन: "झडपेचं तोंड फार अरुंद झालंय, रक्त बाहेर ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. दुखत नसलं तरी हे होतं." आणि मग विचारा: जिना चढताना दम लागतो का, छाती भरून येते का, चक्कर येते का, की दम लागतो म्हणून चालणंच कमी केलंय? यातलं शेवटचं उत्तर सहसा पेशंट आपणहून देत नाही, आणि हृदयरोगतज्ज्ञाला तेच हवं असतं.