कुणी आठवण करून देत नाही ती कामं

चि.,
अनेक आशीर्वाद.

कामांची यादी पाठवलीस आणि विचारलंस, हे सगळं दिवसात कसं बसवायचं? नाही बसणार. पहाटे चारला उठूनही नाही. नोकरी, परीक्षा, पोहणं, नवी भाषा, कुणाचा तरी रेझ्युमे नीट करून देणं, सगळं तू एकाच रांगेत उभं केलंयस. अडचण तिथं आहे.

हिशेब बघ. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले. (झोपेत काटकसर नको, दुसऱ्या दिवशी ती वसुली करतेच.) नोकरी आणि जाण्यायेण्याला ५४ धर, जेवणखाण-घरकामाला रोजचे चार म्हणजे २८. उरले ३०. हे काही थोडे नाहीत. पण ते सलग हाती लागत नाहीत, दहा-वीस मिनिटांच्या चिंध्या होऊन मिळतात आणि त्या फोनमध्ये जातात.

अभ्यासाला बसल्यावर काय होतं ते आठव. पुस्तक उघडलं, तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी काहीतरी विचारलं. उत्तर द्यायला दोन मिनिटं लागली. मग तोच परिच्छेद तीनदा वाचला तरी डोक्यात ग्रुपच. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये हेच मांडलं: एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं, की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. त्या दोन मिनिटांचा खर्च असा वाढत जातो.

आयझेनहॉवर अमेरिकेचे अध्यक्ष असताना, १९५४ च्या एका भाषणात त्यांनी एका माजी कॉलेजप्रमुखाचं म्हणणं सांगितलं होतं: तातडीचे प्रश्न महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधी तातडीचे नसतात. मला हे जरा टोकाचं वाटतं. घरात कुणी तापाने फणफणलं तर दोन्ही एकदमच असतं. पण तुझ्या यादीला ते चपखल बसतं. रेझ्युमेवाला रोज फोन करेल. परीक्षा फोन करत नाही, पोहणंही नाही.

माझं मत विचारशील तर पुढचे तीन महिने परीक्षेचे. पोहणं तब्येतीसाठी राहू दे. भाषा सरळ खोडून टाक. 'जमेल तेव्हा' म्हणून ठेवलीस तर रोज टोचत राहील. डोकं ताजं असतं ते दोन तास परीक्षेला, फोन दुसऱ्या खोलीत. किरकोळ कामांना थकलेली वेळही चालते. वेळापत्रक रंगीत पेनांनी आखत बसू नकोस, त्यात फार मजा येते आणि अभ्यास राहून जातो. एखादा विषय किती दिवसांत होईल हे ठरवताना मागचा विषय प्रत्यक्षात किती दिवस चालला ते बघ. आपण सगळेच अंदाज कमी धरतो.

रेझ्युमेवाल्याला 'बघू, करू' म्हणत झुलवू नकोस. 'परीक्षेपर्यंत जमणार नाही' असं आजच सांग. चार दिवस फुरंगटेल, मग दुसरं कुणी शोधेल.

एखादा आठवडा पाहुणे, आजारपण, ऑफिसची धावपळ यांतच जाईल. तेव्हा दोन तासांचा हट्ट सोड, वीस मिनिटं बस. मात्र परीक्षेच्याच पुस्तकासमोर.

बाकी क्षेम.