आजी झोपलेली आणि पंधरा वॅट?

प्रश्न : काका, बारावीच्या परीक्षेनंतर एलएम३८६ या आवाज वाढवणाऱ्या आयसीवर (चिपवर) गिटारचा छोटा ॲम्प बनवला. ९ व्होल्टची बॅटरी, २ इंची स्पीकर, प्लॅस्टिकचा डबा. वाजतो, पण आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. टीडीए२०३० ही मोठी आयसी घालून १५ वॅटचा करू का? दुपारी आजी झोपलेली असते, तेव्हाच मला वेळ मिळतो.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आजी झोपलेली आणि तुला १५ वॅट हवेत! अरे, पडवीत वाजवायला अर्धा वॅट पुष्कळ, आणि तो तुझी आयसी देतेच. दुखणं दुसरीकडे आहे. गिटार थेट आयसीला जोडलीस ना? तिच्या इनपुटचा रेझिस्टन्स ५० किलोओमच्या आसपास. गिटारच्या तारांखालचा पिकअप म्हणजे केसासारख्या तारेचे हजारो वेढे, त्याला हा भार झेपत नाही. मग वरची किणकिण आधी मरते.

मध्ये एमपीएफ१०२ हा एफईटी घाल; हा एक ट्रान्झिस्टरच, पाय तीन : गेट, ड्रेन, सोर्स. गिटार गेटला जोड. गेटपासून ग्राउंडला (बॅटरीच्या मायनसला) १ मेगाओमचा रेझिस्टर, ड्रेन बॅटरीच्या प्लसला, सोर्सपासून ग्राउंडला ३.९ किलोओमचा. सोर्सवरूनच ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सिग्नल व्हॉल्यूमच्या १० किलोओम पॉटला (फिरवायच्या बटणाला) ने. आयसीच्या पिन १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर काढून बघ. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, २०० वरून २० वर येतो, आवाज स्वच्छ होतो. फाटका आवाज आवडत असेल तर राहू दे, आजीला विचारून.

आता स्पीकर. २ इंचात खर्ज कुठून येणार? भंगारवाल्याकडे जुन्या टेपरेकॉर्डरचा ५-६ इंची, ८ ओमचा बघ; कागद फाटलेला नको. खोकं फणसाच्या फळ्यांचं कर, पाठ अर्धी उघडी ठेव. माझ्या ॲम्पला गावच्या सुताराने उरलेल्या फळ्या फुकट दिल्या, वर स्क्रू लोखंडी वापरले म्हणून शिव्याही दिल्या. त्याचंच खरं होतं, गणपतीपर्यंत सगळे गंजले. स्क्रू पितळी घे.

खारी हवा आपल्याकडे तांबं हिरवं करते. म्हणून आयसीला सॉकेट नको, पाय सरळ बोर्डावर डाग दे. सगळं वाजतंय याची खात्री झाली की डाग देताना उरलेला चिकट फ्लक्स स्पिरिटने पूस आणि डागांच्या बाजूला पारदर्शक वार्निशचा हात दे. गिटारची वायर खुपसायच्या जॅकला मात्र वार्निश लागू देऊ नकोस. मी लावलं होतं, आणि अख्खी संध्याकाळ बिघाड आयसीत शोधत बसलो.